टायमरचं आठवं घर

मरोळच्या गावठाणात मिस्किटांचं घर विचारलं की लोक उलट विचारायचे, "कोणते मिस्किटा? रेडिओवालीचं घर काय?" रेडिओवाली म्हणजे एडना. चौदाव्या वर्षी तिनं शेजाऱ्यांचा मुका झालेला ट्रान्झिस्टर उघडला, आतली तुटलेली तार शोधली आणि तो पुन्हा वाजता केला. तेव्हापासून हे नाव तिला चिकटलं ते चिकटलंच. पुढे ती पॉलिटेक्निकमधून इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा घेऊन बाहेर पडली, नोकरीला लागली, आईच्या स्वयंपाकघरात गॅस आला, तरी गावठाणाच्या लेखी ती रेडिओवालीच.

नोकरी घरापासून चालत वीस मिनिटांवर, औद्योगिक वसाहतीत. त्या वसाहतीच्या जागी एके काळी गावठाणातल्या लोकांची भातशेती होती, त्यात मिस्किटांचेही दोन तुकडे होते. एडनाचे वडील सकाळी तिला हसत म्हणायचे, "तू कामाला नाय जात गो, शेतावर जातस."

कंपनी लहान होती. सिमेंटच्या पत्र्याखाली वीस-बावीस माणसं, एक लांब टेबल, त्यावर सोल्डरिंगचा धूर. कारखान्यांतल्या भट्ट्या, पंप, पंखे ठरल्या वेळी चालू-बंद करणाऱ्या पेट्या तिथं बनत. १९८४ मध्ये एडना लागली ती तयार बोर्ड तपासायला. पेटीतल्या चिपमध्ये जो प्रोग्राम भरायचा, तो लिहायचं काम एकट्या नेरुरकर सरांचं.

शिवदास नेरुरकर मूळचे मालवणकडचे, राहायला मुलुंडला. चाळिशी उलटलेला बुटका, शांत माणूस. शर्टाच्या खिशात पेनाशेजारी एक घडीचं कार्ड असायचं. चिपला कोणता आकडा दिला की ती काय करते, याची यादी. एडना त्या कार्डाकडे बघत राहते हे त्यांच्या लक्षात आलं. एके दिवशी त्यांनी ते काढून तिच्या हातात दिलं.

"घरी ने. पाठ नको करू. वापर, आपोआप पाठ होईल."

त्यानंतर दोन वर्षं त्यांनी तिला शिकवलं. बाकीचे दुपारी अंगणात पत्ते खेळायचे आणि हे दोघं एका जुन्या बोर्डापुढे बसलेले. ती चुकली की ते रागवायचे नाहीत. नुसतं म्हणायचे, "आता तू चिप आहेस असं समज आणि ही ओळ वाच." ती वाचायची आणि चूक तिची तिलाच दिसायची. त्यांची एक खोड होती. प्रोग्रामचा कुठलाही छोटा तुकडा, ज्याला रुटीन म्हणतात, संपवून परत फिरायच्या आधी ते 'काहीच करू नकोस' अशी एक फालतू सूचना घालायचे. आकड्यांत ती शून्य-शून्य, आणि 'परत फिर' म्हणजे दोन-दोन.

"ह्याचा उपयोग काय सर?"

"काही नाही. जुनी सवय. घरातून निघताना माणूस उंबऱ्यावर क्षणभर थांबतो ना, तसं."

१९८५ च्या मे महिन्यात एडनाचे वडील गेले. दफनाला कंपनीतून एकटे नेरुरकर आले. शेवटची मूठमाती पडेपर्यंत ते उन्हात उभे होते. पुढे दर नाताळला ते डब्यात उकडीचे मोदक घेऊन घरी यायचे. एडनाची आई त्यांच्यासाठी कोंबडीचा खुडी, सणाचा तो मसालेदार रस्सा, वेगळा काढून ठेवायची आणि म्हणायची, "ह्यो माणूस बापाच्या जागी हाय तुला." एडनालाही तसंच वाटायचं. तिनं ते कधी बोलून दाखवलं नाही एवढंच.

शहाऐंशीच्या पावसाळ्यानंतर कंपनीनं अंडी उबवायचं यंत्र बनवायला घेतलं. कांदिवली-बोरिवलीकडे तेव्हा कोंबड्यांच्या वाड्या बऱ्याच होत्या. यंत्राला कामंही बरीच. ऊब दर पाच सेकंदांनी तपासायची. ट्रे तासातासाला कलते करायचे, नाहीतर पिल्लू कवचाला चिकटतं. मधूनमधून पाण्याचा फवारा, मधूनमधून पंखा, दिवा, घंटी. चिपच्या अंगात मात्र मोजून दोन घड्याळं. नेरुरकरांनी जुन्या पद्धतीनं लिहून पाहिलं. थांब, मोज, काम कर, पुन्हा थांब. फवाऱ्याची वेळ मोजता मोजता चिप उबेकडे बघायचं विसरायची. महिनाभर झटापट करून त्यांनी कागद एडनापुढे सरकवले.

"तू बघ जरा."

एडनानं तीन आठवडे घेतले आणि सगळं मोडून नव्यानं लिहिलं. चिपच्या स्मरणात तिनं आठ घरांचा एक तक्ता केला. प्रत्येक घरात दोनच गोष्टी. अजून किती वेळ उरला आहे, आणि वेळ संपली की कोणत्या रुटीनकडे जायचं, त्याचा पत्ता. चिपमधलं एकच घड्याळ सेकंदाला शंभर ठोके द्यायचं आणि दर ठोक्याला सगळ्या घरांतला एकेक आकडा कमी व्हायचा. ज्या घरात शून्य येईल, त्यातल्या पत्त्यावर मुख्य प्रोग्राम जायचा, तिथलं काम उरकायचा आणि परत यायचा. आठ घरं म्हणजे जणू आठ घड्याळं, आणि एकाला दुसऱ्याची खबरही नाही.

नेरुरकरांनी कागद दोनदा वाचले.

"म्हणजे टायमरला हे काम कसलं आहे ते माहीतच नाही?"

"नाही सर. कधी जायचं आणि कुठं जायचं, एवढंच. उद्या नवीन काम निघालं तर त्याचा पत्ता रिकाम्या घरात टाकायचा. जुन्या ओळींना हात लावायला नको."

"आणि पत्ता कोणीही टाकला तरी चालेल?"

"कोणीही."

"झकास," नेरुरकर म्हणाले आणि बाहेर जाऊन टेबलावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ही पोरगी माझ्या पुढे गेली रे!" एडना त्या दिवशी घरी गेली ती जमिनीवर पाय न टेकताच.

सात घरं कामांना लागली. आठव्यात तिनं शून्यं भरून ठेवली, पुढं लागलं तर असावं म्हणून. पत्ताच शून्य असलेलं घर प्रोग्राम ओलांडून जायचा. तयार प्रोग्रामची मूळ चिप नेरुरकरांच्या खणात राहायची. तिच्यावरून प्रती निघायच्या आणि प्रत्येक प्रतीच्या पाठीवर जी छोटी काचेची खिडकी असे, तिच्यावर एडना कागदाची चकती चिकटवून त्यावर आपली आद्याक्षरं घालायची. ते काम तिला फार आवडायचं.

पहिली यंत्रं चांगली चालली. सत्त्याऐंशीच्या जानेवारीत नाताळच्या फराळातली उरलेली कुल्कुलं खाता खाता एडनानं ही गोष्ट आपल्या मावशीला सांगितली. आयडा तुस्कानो खाडीपलीकडे मनोरीला राहायची. विधवा, मूल नाही, शंभरेक कोंबड्या. अंडी ती खुडुक कोंबड्यांखाली नाहीतर रॉकेलच्या दिव्यावर उबवायची, निम्मी फुकट जायची.

"मावशी, मशीन घे. तुला काही करावं लागणार नाही."

"बिघडलं तर? आमच्या मनोरीला कोण येणार गो?"

"मी येईन ना. मीच केलंय ते."

'मीच केलंय' यावर मावशी विरघळली. नवऱ्याच्या होडीचं इंजिन इतकी वर्षं तिनं तेल लावून जपलं होतं, ते विकलं. दोन जूनला मार्व्याच्या धक्क्यावरून यंत्र होडीत चढलं. एडना सोबत होती, पाण्याचा शिंतोडा उडू नये म्हणून तिनं आपली छत्री यंत्रावर धरली होती. गावातली बायामाणसं बघायला आली. आयडा प्रत्येकीला सांगत होती, "माझ्या बहिणीच्या पोरीनं बनवलंय. परदेशी नाय, आपल्या पोरीनं."

पावसाळ्यात वीज जायची, पण यंत्राच्या पोटातल्या छोट्या बॅटरीमुळे मोजलेले आकडे शाबूत राहायचे. एकामागून एक खेपा निघाल्या, दर वेळी ट्रेभर चिवचिवाट. फेब्रुवारीत, ईस्टरआधीचा उपासकाळ लागायच्या आधी, त्या पट्ट्यात लग्नंच लग्नं असतात. तेव्हाच्या कोंबड्यांसाठी नोव्हेंबरच्या एकोणीस तारखेला मावशीनं दोनशे चाळीस अंडी लावली.

डिसेंबरच्या सहा तारखेला, रविवारी, ती वसईला एका बाप्तिस्म्याला गेली आणि सोमवारी सकाळी परतली. यंत्र गप्प होतं. लाल दिवा लागलेला. शेजारच्या घरात पंखा फिरत होता, म्हणजे वीज गेलेली नव्हती. तिनं आत हात घातला. अंडी थंडगार. अठरा दिवसांची अंडी, आणखी तीन दिवसांत फुटायची. एक फोडलं तर आत पिसं फुटलेलं, चोच असलेलं पूर्ण पिल्लू.

मंगळवारी एडना मनोरीला पोचली. मावशी रडत नव्हती. पडवीत बसून एकेक अंडं फोडून घमेल्यात टाकत होती.

"बघ," ती म्हणाली, "सगळी झाली होती गो."

एडनानं यंत्र उघडलं. तिच्या प्रोग्रामप्रमाणे लाल दिवा एकाच कारणानं लागायला हवा, ऊब मोजणारी तार तुटली तर. तार शाबूत होती. यंत्र बंद करून चालू केलं, पुन्हा लाल दिवा. चूक तारेत नाही तर प्रोग्रामात असणार, आणि प्रोग्राम तिचा. तिनं चिप काढली, सिगारेटच्या चांदीच्या कागदात गुंडाळली आणि पर्समध्ये ठेवली. परतीच्या होडीत ती सगळ्या ओळी मनातल्या मनात पहिल्यापासून वाचत होती.

बुधवारी सकाळी नेरुरकर तिच्या टेबलापाशी आले.

"मावशीचं ऐकलं. चिप दे माझ्याकडे, मीच जाऊन येतो मनोरीला. तू जिवाला लावून घेऊ नको."

"नको सर. माझी मावशी आहे. चूक मलाच शोधू दे."

ते क्षणभर तिथंच घुटमळले आणि गेले.

चिप वाचायच्या यंत्रात घालून एडना एकेक आकडा आपल्या वहीतल्या आकड्याशी ताडत गेली. पहिलं पान जुळलं, दुसरं, तिसरं. दोन तास सगळं जुळत होतं आणि तिचा जीव आणखीच खाली जात होता. मग घरांची यादी आली. पहिली सात तशीच. आठव्यात शून्यं नव्हती. तिथं वेळ होती साठ हजार ठोके, म्हणजे दहा मिनिटं. आणि एक पत्ता होता.

तो पत्ता तिच्या प्रोग्रामच्या शेवटाच्याही पुढचा होता. वहीप्रमाणे तिथं काहीच नव्हतं, कोरी जागा. चिपमध्ये मात्र साठेक आकडे होते. तिनं कार्ड काढलं आणि एकेका आकड्याचा अर्थ कागदावर उतरवला. हे रुटीन दर दहा मिनिटांनी उठत होतं, बॅटरीवर जपलेल्या एका मोजणीत एक मिळवत होतं आणि निमूट परत जात होतं. मोजणी पंचवीस हजार नऊशे वीस झाली की ऊब बंद, पंखा बंद, लाल दिवा चालू. एडनानं हिशोब केला. दहा-दहा मिनिटांनी पंचवीस हजार नऊशे वीस वेळा, म्हणजे एकशे ऐंशी दिवस. दोन जूनपासून वीज नसलेले तास वजा केले तर बरोबर सहा डिसेंबरला येत होतं.

शेवटच्या ओळीवर तिचं बोट थांबलं. शून्य-शून्य, दोन-दोन. काहीच करू नकोस, परत फिर.

तिनं ते पुन्हा वाचलं. ओळखीचं हस्ताक्षर एखाद्या निनावी पत्रात दिसावं तसं झालं. मग एकेक आठवायला लागलं. बोरिवलीचं यंत्र सहा महिन्यांनी थांबलं होतं, कांदिवलीचंही. दोन्हीकडे नेरुरकर स्वतः गेले होते. "तू कशाला उन्हातान्हात," असं म्हणाले होते. आणि ही आपली केवढी काळजी घेतात म्हणून तिला भरून आलं होतं.

दुपारी सगळे अंगणात असताना ती कागद घेऊन त्यांच्यापुढे उभी राहिली. ते डबा खात होते.

"सर, हे काय आहे?"

त्यांनी कागद पाहिला, तोंडातला घास संपवला. "वाचलंस तर."

"तुमचं आहे?"

"माझं आहे हे तुला कळलंय. विचारतेस कशाला?"

तिला वाटत होतं ते नाही म्हणतील. खोटं का होईना, नाही म्हणतील.

"मशीन बंद पाडायला?"

"बंद पाडायला नाही गं, थांबवायला. सहा महिन्यांनी एकदा थांबतं. लोक फोन करतात, मी जातो, दोन बटणं एकदम दाबली की मोजणी पुन्हा शून्यावर. मग त्यांना पटतं की वर्षाचा देखभालीचा करार केलेला बरा. मालकांना तेच हवं होतं. आता मला भागीदार करतायत, उगीच नाही करत."

"त्यात अंडी होती सर. अठरा दिवसांची."

"नेमकं त्या रविवारी तिथं कोणी नसेल, हे मला कसं कळणार?"

"माझ्या तक्त्यात का घातलंत?"

"जागा होती." मग शाबासकी द्यावी अशा आवाजात ते म्हणाले, "आठवं घर तूच रिकामं ठेवलं होतंस. खरं सांगतो, तुझ्या एका ओळीला मी धक्का लावला नाही. इतकं सुबक लिहिलंयस."

"मला विचारलं का नाहीत?"

"तू नाही म्हणाली असतीस."

तिचे डोळे भरलेले पाहून नेरुरकर उठले, पाणी दिलं. "हे बघ, चूक झाली. तुझ्या मावशीला मी स्वतः पत्र लिहितो, अंडी भरून देऊ, सगळं नीट करतो. तू फक्त हे बाहेर बोलू नको. ऐकशील ना माझं?"

आणि एडनानं ऐकलं. पुढं ती स्वतःला सगळ्यात जास्त बोल लावायची तो याचाच. तेवढं सगळं वाचूनसुद्धा तिनं त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवला होता.

पत्र खरंच गेलं. पुढच्या मंगळवारी मावशी ते घेऊन मरोळला आली. इंग्रजीत होतं, मनोरीतल्या शाळामास्तरांनी चार लोकांसमोर वाचून अर्थ सांगितला होता. यंत्रात दोष नाही. आमच्या कर्मचारी कुमारी ई. मिस्किटा यांच्या प्रोग्राममध्ये राहिलेल्या चुकीमुळे हा प्रकार घडला असावा, चौकशी चालू आहे. देखभालीचा करार केलेला नसल्यामुळे कंपनी नुकसानीला जबाबदार नाही. खाली सही, शि. ना. नेरुरकर.

"तुझी चूक आहे काय गो?" मावशीनं विचारलं.

"नाही."

"मग त्या तुझ्या सरानं असं का लिहिलं? तो तर तुमच्याकडे जेवायला येतो."

एडनाची आई भांडी घासत होती, ती तशीच थांबली. एडनानं दोघींना सगळं सांगितलं. टायमर म्हणजे काय, पत्ता म्हणजे काय, कोणी कुठं काय घातलं. मावशी लक्ष देऊन ऐकत होती. "म्हणजे तू दार उघडं ठेवलंस आणि तो आत शिरला," ती म्हणाली. एडनाला ते सुरीसारखं लागलं, पण खोटं म्हणता येईना.

दुसऱ्या दिवशी तिनं पत्र नेरुरकरांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी मान वर केली नाही. "मालकांनी मजकूर सांगितला, मी सही केली. कंपनीचं नाव खराब झालं तर वीस घरं बसतील एडना. तू एकटी आहेस, लहान आहेस. निभावून नेशील."

ती आपल्या टेबलापाशी गेली, कपाटातून सहा कोऱ्या चिप काढल्या आणि वहीतला मूळ प्रोग्राम त्यांत भरला, आठव्या घरात शून्यं ठेवून. सगळ्यांच्या देखत भरला. कोणी विचारलं नाही. शनिवारी तिनं रजा टाकली आणि पत्ते घेऊन निघाली.

कांदिवलीला श्यामसुंदर नावाच्या गृहस्थांची वाडी होती. तिनं चिप बदलली आणि का बदलली ते सांगितलं.

"म्हणजे ऑगस्टमध्ये मशीन बिघडलंच नव्हतं?"

"नव्हतं."

"अहो, ते साहेब आले, दोन मिनिटं खुडबुड केली, दिवा गेला. मी त्यांना नारळ दिला! देवमाणूस म्हटलं!" श्यामसुंदर हसले आणि हसता हसताच लाल झाले. "आणि बाई, तुम्ही त्याच कंपनीच्या ना? मग तुमच्यावर तरी विश्वास कसा ठेवायचा? ह्या चिपमध्ये काय आहे ते मला थोडंच वाचता येतंय?"

दोन दिवसांत ती पाच ठिकाणी गेली. एकानं चिप बदलू दिलीच नाही. एकानं चहा पाजला. सोमवारी मालकांपर्यंत तक्रारी पोचल्या होत्या. त्यांनी तिला आत बोलावलं. चोरून कंपनीच्या चिप बाहेर नेल्या म्हणाले, पोलिसांचं नाव घेतलं. नेरुरकर शेजारच्या खुर्चीत बसले होते. तिनं एकदा त्यांच्याकडे पाहिलं. "हिनं माझ्यादेखत नेल्या," एवढं एक वाक्य ते बोलले असते तरी पुरलं असतं; कपाटापाशी ते त्या दिवशी तिच्या मागेच उभे होते. ते खिडकीबाहेर बघत राहिले. एडनानं राजीनामा लिहून दिला. त्या नाताळला आईनं खुडी केला नाही.

सहावी चिप मनोरीची होती. जानेवारीत ती घेऊन गेली तेव्हा मावशीनं यंत्राचं दार उघडून दाखवलं. आत कांदे भरून ठेवले होते.

"तुझ्यावर राग नाय माझा," मावशी म्हणाली. "पण आता रात्री मला झोप नाय लागणार त्याच्या भरवशावर. कोंबडी खुडुक बसली तर मला दिसते तरी, बसलीय काय उठलीय."

"मावशी, मी शपथेवर सांगते, आता आत काही नाही."

"मागच्या वेळी पण तू हेच बोलली होतीस गो. खोटं नव्हतीस बोलली, ठाऊक आहे मला. तरी पण."

एडना चिप परत घेऊन आली. गावात रेडिओवालीच्या यंत्रानं आयडाची पिल्लं मारली, अशीच गोष्ट राहिली. मनोरीतल्या लग्नांना जायचं तिनं दोन वर्षं टाळलं.

तीन महिने घरी बसल्यावर तिला घाटकोपरला वजनकाटे बनवणाऱ्या एका लहान कारखान्यात काम मिळालं. तिथंही तिनं तोच तक्ता वापरला, कारण त्याहून बरं तिला दुसरं काही माहीत नव्हतं. पण आता ती एकही घर रिकामं सोडत नव्हती. ज्याला काम नाही त्यातही 'आलास तसा परत जा' एवढंच सांगणाऱ्या रुटीनचा पत्ता भरायची. आणि काटा चालू झाला की चिप स्वतःतले सगळे आकडे बेरजेला घ्यायची आणि बेरीज समोर दाखवायची. तीच बेरीज गिऱ्हाइकाला दिलेल्या कार्डावर छापलेली. दोन्ही जुळलं नाही तर आत कोणीतरी हात घातला आहे, हे काट्यापुढच्या दुकानदारालाही कळावं. तिथल्या मालकांना हा खटाटोप वाटला. "आपल्यावर संशय घ्यायला आपणच शिकवायचं?" त्यांनी विचारलं. "हो," ती म्हणाली. त्यांनी करू दिलं.

नेरुरकरांचं काही वाईट झालं नाही. ते भागीदार झाले, मुलुंडला मोठी जागा घेतली. एकोणनव्वदच्या गणपतीनंतर एका रविवारी सकाळी ते मरोळच्या घरी आले. हातात डबा नव्हता. केस बरेच पिकले होते. आईनं दार उघडलं, ओळखलं आणि आत निघून गेली.

नवं मोठं यंत्र काढायचं होतं. तक्ता आठ घरांवरून सोळा घरांचा करायचा होता आणि त्यांना ते जमत नव्हतं. कुठंतरी ठोका हुकत होता. "तुझी वही मिळाली तर," ते म्हणाले. "किंवा तूच ये. बाहेरून काम कर. नाव तुझं घालू, मोठ्या अक्षरात."

"माझं नाव तुम्ही एकदा घातलंत सर. पत्रात."

"मी तुला शिकवलं, एवढं तरी लक्षात ठेव."

"ठेवलंय. दुसऱ्या कोणी केलं असतं तर मी भांडले असते, चार शिव्या दिल्या असत्या आणि विसरले असते. तुम्ही शिकवलंत म्हणून अजून प्रत्येक ओळ लिहिताना तुम्ही आठवता. त्याला मी काय करू?"

आतून चहा आला नाही. ते उठले, चपला घातल्या आणि काहीतरी बोलायचं असावं तसे दाराशी वळले, पण एडना तोवर टेबलावरचा काटा पुढ्यात ओढून त्याचे स्क्रू काढायला लागली होती. त्यांनी फाटक लोटल्याचा आवाज आला. आईनं आतून विचारलं, "गेला काय?"

"गेले," एडना म्हणाली.